कोकिळाबाई, मुक्काम देवपूर

टीव्ही वाहिनीची पोरगी कोकिळाबाईंना शोधत धुळ्यात, देवपुरात आली, तेव्हा कोकिळाबाई ओट्यावर मांडी घालून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी आणि गालावर वाढलेली दाढी. पोरीचं नाव मेघा. तिनं ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे, बेबाबाईंकडे, गेली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "कोकिळाताई, किती शोधलं तुम्हाला."

बेबाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी नही ओ माय. कोकिळा ती दख, तठे बसेल शे. शेंगा सोली ऱ्हायनी."

मेघानं वळून पाहिलं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं, तोताराम महाजननं, हातातली शेंग सुपात टाकली, घसा खाकरला आणि बसायला सांगितलं. पोरीचा चेहरा असा पडला होता, की बेबाबाई आधी पाणी आणायला आत पळाल्या.

ही भानगड समजायला थोडं मागे जावं लागेल. तोताराम मूळचा पाचोऱ्याचा. घरी कापसाची शेती. वयात येताना सगळ्या पोरांचा आवाज फुटतो तसा त्याचाही फुटला, पण जुना आवाज गेला नाही, वरच्या मजल्यावर राहायला गेला. खालच्या आवाजात तो बैलांना हाकारायचा आणि वरच्या आवाजात मावशीसारख्या ओव्या म्हणायचा. हे जीवराम मास्तरच्या कानावर गेलं. मास्तरचा लग्नाचा बँड होता आणि मास्तरला एकच चिंता असायची. हळदीची, वरातीची, लेक सासरी वाटे लावायची निम्मी गाणी बाईच्या तोंडची, आणि बँडमागे रस्त्यानं चालायला कुणाच्या घरची बाई येणार? तोताराम आला आणि मास्तरची चिंता मिटली.

त्या काळी लाउडस्पीकरची एक हातगाडी बँडच्या मागे असायची. तोताराम त्या गाडीच्या मागे चालायचा, तोंड पंच्यात आणि पंच्यात माईक. गर्दीत तो कुणाला दिसायचाच नाही. बाया माडीवरून, गच्चीवरून माना उंचावून गाणारीला शोधायच्या. तोतारामला तेव्हा ते बरंच वाटायचं. शेतकऱ्याचा धडधाकट पोरगा बाईच्या आवाजात गातो हे सोयऱ्याधायऱ्यांत कळलं असतं तर त्याला मुलगी कोणी दिली नसती. बेबाबाईंनासुद्धा लग्न झाल्यावरच कळलं, आणि कळल्यावर त्या रडल्या नाहीत, हसल्या. तोतारामला ते हसणं रडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

मग कॅसेटचे दिवस आले. धुळ्यातल्या एका कॅसेटवाल्यानं जीवराम मास्तरच्या बँडची लग्नाची गाणी भरायचं ठरवलं. तिथे एक अडचण झाली. खुर्चीवर बसवलं की तोतारामचा वरचा आवाज यायचाच नाही. उमेदवारीपासून चालत गायलेला माणूस. पाऊल पडलं की श्वास, पाऊल उचललं की सूर, असं त्याच्या छातीला वळणच पडून गेलं होतं. शेवटी खोलीत गोधडी अंथरली आणि तोताराम अनवाणी तिच्यावर गोल गोल फिरत गायला. मागोमाग माईकची वायर धरून जीवराम मास्तर फिरला. काम संपल्यावर कॅसेटवाल्यानं नावं लिहून घेताना विचारलं, आवाज कोणाचा? मास्तर खुशीत होता. छाती फुगवून म्हणाला, "कोकिळा शे आमनी, कोकिळा." त्या भल्या माणसानं तसंच लिहिलं. कॅसेट बाजारात आली ती 'गायिका: कोकिळाबाई' अशी.

कॅसेट खान्देशभर गेली. फैजपूरच्या केळीच्या मळ्यापासून साक्रीपर्यंत एकही मांडव असा नसेल जिथे कोकिळाबाई वाजल्या नाहीत. मास्तरनं नाव दुरुस्त केलं नाही, कारण धंदा चालला होता. तोतारामनं केलं नाही, कारण लाज होती. पुढे डीजे आले, बँड बसले, मास्तर वारला. तोताराम गाणं सोडून शेती बघू लागला आणि शेती होईना तेव्हा मुलाकडे, जितेंद्रकडे, देवपुरात राहायला आला. जितेंद्र शाळेत शिक्षक. लोकांनी विचारलं तर सांगायचा, आमचे आबा संगीत क्षेत्रात होते. क्षेत्र कोणतं ते सांगायचा नाही.

लाज वयाबरोबर गेली. पण ती गेली तेव्हा सांगायला कोणी उरलं नव्हतं. शेजारच्या भिकुबाई मोबाइलवर तीच जुनी गाणी लावायच्या आणि तोतारामला ऐकवायच्या, "दखा आबा, ह्या बाईना गळामा देव शे." तोताराम मान डोलवायचा. मी तो, असं म्हणावं तर भिकुबाई हसून हसून आडव्या पडल्या असत्या. तेव्हा त्याच्या मनात एकच इच्छा उरली होती, आणि ती त्यानं बेबाबाईंजवळ एकदा बोलूनही दाखवली होती. चारचौघांनी तो आवाज ऐकावा आणि ऐकताना आपल्या तोंडाकडे पाहावं. एकदाच. मग मेलो तरी चालेल, असं काही तो म्हणाला नाही, कारण त्याला मरायची घाई नव्हती.

आणि आता ही मेघा आली होती. पोरांनी मोबाइलवर कोकिळाबाईंच्या गाण्यांवर नाचून नाचून तो आवाज पुन्हा गाजवला होता आणि वाहिनीला कोकिळाबाईंचा कार्यक्रम करायचा होता. जळगावच्या नाट्यगृहात, थेट प्रक्षेपण. पाणी पिऊन मेघाची कळी खुलली. बाई निघाली नाही, म्हातारा निघाला, हे तर त्याहून भारी, असं तिच्या ध्यानात आलं. तिनं बसल्या बसल्या बेत सांगितला. जाहिरातीत कोकिळाबाईच म्हणायचं. पहिलं गाणं पडद्यामागून. मग मध्येच पडदा वर आणि समोर तोताराम महाजन. लोकांच्या माना मोडल्या पाहिजेत.

जितेंद्रला हे पसंत नव्हतं. "आबा, लोक हसतील."

"हसू दे ना," तोताराम म्हणाला. "माले दखीसन हसतीन ना? मंग हसू दे."

दुसऱ्या दिवसापासून तो पांझरा नदीच्या काठानं सकाळी फिरायला लागला. पहिले काही दिवस वरच्या आवाजाऐवजी नुसती हवा आली. मग एका सकाळी पुलाजवळ तो आवाज आला, जुन्या जागी, थोडा खरखरीत, पण तोच. तोतारामला तिथल्या तिथे रडू आलं. दुधाची किटली घेऊन जाणाऱ्या माणसानं सायकल थांबवून त्याला विचारलं, काय झालं बाबा? तो म्हणाला, काही नाही, पाहुणा आला.

कार्यक्रमाच्या दिवशी जितेंद्र त्याला गाडीनं जळगावला घेऊन गेला. बेबाबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या घरीच टीव्हीसमोर राहिल्या आणि गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावून बसल्या. नाट्यगृह गच्च भरलं होतं. निम्म्याहून जास्त बाया, कितीतरी जणी लग्नाला निघाल्यासारख्या नटून आलेल्या. मेघानं तोतारामला जरीचा फेटा बांधला, गालाला पावडर लावली आणि मंचावर पांढऱ्या पट्टीची एक फुली दाखवली. "आबा, पडदा वर जाईल तेव्हा बरोबर या फुलीवर. इथून हललात की कॅमेऱ्यातून जाल. लक्षात ठेवा." तोतारामनं लक्षात ठेवलं.

पडद्यामागे मात्र फुली नव्हती. वाद्यं सुरू झाली आणि तोताराम या विंगेतून त्या विंगेत चालत हळदीचं गाणं गाऊ लागला. तो आवाज पलीकडे गेला आणि सभागृहात एकदम शांतता झाली. मग कोणीतरी हुंदका दिला, कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. तोतारामला पडद्यातून काही दिसत नव्हतं, पण कळत होतं. अशी शांतता त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती, कारण वरातीत शांतता नसते. दुसरं कडवं संपता संपता मेघानं हातानं खूण केली, तो पळत जाऊन फुलीवर उभा राहिला आणि पडदा वर गेला.

समोर दिव्यांचा लोळ. फुलीवर दोन पाय. तोतारामनं तिसऱ्या कडव्याला तोंड उघडलं आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. श्वास कुठे घ्यायचा हेच छातीला कळेना. वाद्यं एक फेरी पुढे गेली, परत आली, त्याच्यासाठी थांबली. आधी कुजबुज, मग हसणं. मागून एक बाप्या ओरडला, "बाबा, बाजूले सर. कोकिळाबाईले येऊ दे."

लोकांचं तरी काय चुकलं? पडद्याआड बाई गात होती, पडदा वर गेला तर हा फेटेवाला, आणि याच्या घशातून निघतंय काय तर करवतीचा आवाज. बाईला आत दडवून म्हाताऱ्याला पुढे उभा केलाय असंच कोणालाही वाटलं असतं. पहिल्या रांगेत जितेंद्रनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान तोतारामला दिसली. एवढी वर्षं लपलो, आणि आज उघडा पडलो तर खोटा ठरलो, असं त्याला वाटलं. त्यानं पाय उचलला.

चूक म्हणा, सवय म्हणा. बिनतारी माईक हातात तसाच धरून, मंचाच्या पायऱ्या उतरून तो खाली आला आणि दोन रांगांमधल्या वाटेनं चालू लागला. चौथ्या पावलाला आवाज आला. स्वच्छ, वरचा, कोकिळाबाईंचा. वाटेकडेच्या खुर्चीवर बसलेल्या एका म्हातारीच्या हातभर अंतरावरून तो गेला. ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली, मग उठली आणि त्याच्या मागे चालू लागली. गाणारा पुढे निघाला की बायांनी मागे चालायचं, हे खान्देशात कोणाला शिकवावं लागत नाही. एक उठली, दहा उठल्या, अख्ख्या रांगा रिकाम्या झाल्या. मेघा कानातल्या यंत्रात काहीबाही ओरडत होती, पण आता कोण ऐकणार? तोतारामनं सभागृहाला तीन फेऱ्या मारल्या आणि सगळी गाणी चालतच म्हटली. शेवटी जितेंद्रही त्या वरातीत होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो ते पुसतही नव्हता. तोताराम त्या संध्याकाळी खरोखर सुखी झाला.

दुसऱ्या दिवशी तो घरी परतला तेव्हा बेबाबाईंनी चहा टाकला. "कसं झालं?" त्यानंच विचारलं.

"तुम्ही दिसनाच नही," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. सभागृहात मागे दिवे नव्हते आणि कॅमेरे होते ते मंचाकडे तोंड करून. टीव्हीवर पडदा वर गेलेला दिसला, फेटेवाला म्हातारा दिसला, त्याचा आवाज फाटलेला ऐकू आला, तो निघून गेलेला दिसला. त्यानंतर शेवटपर्यंत रिकामा मंच, पांढऱ्या पट्टीची फुली, अंधारात हलणारी डोकी, आणि सगळीकडून कोकिळाबाईंचा आवाज. नाट्यगृहातल्या चारपाचशे लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते धुळे-जळगावच्या घराघरांत कोणालाच दिसलं नव्हतं.

तोतारामनं चहाची बशी हातात धरली, पण प्याला नाही. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. त्यानं ते लपवलंही नाही.

तेवढ्यात बाहेर ओट्यावर भिकुबाई आल्या. त्यांचा आवाज तसा चार घरं ऐकू जाणारा. "ओ अक्का, काय गाना व्हतात काल! कोकिळाबाईना आवाज आजून तसाच शे. पन तुमना आबास्ले तठे कसाले उभं करं व्हतं? बिचारास्नी फजिती व्हयनी. ते गयात तवय ती बाई गावाले लागनी."

बेबाबाई उठल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत दाराशी गेल्या. आपल्याकडे त्यांच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. बेबाबाईंनी ते लग्नात घास भरवताना उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. पुढे रेशनच्या दुकानात विचारलं, दवाखान्यात विचारलं, तरी त्या मुलाला पुढे करायच्या. मुलगा नसला तर 'जितूना बाप' म्हणून मोकळ्या व्हायच्या. कार्यक्रमाच्या वेळी गल्लीतल्या बाया घरात जमल्या असतानाही त्या गप्पच बसल्या होत्या.

"भिकुबाई," त्या म्हणाल्या, "कोकिळा नावनी बाई कोन्ही नही शे. कधी नव्हतीच. तो आवाज मना मालकना शे."

भिकुबाई हसल्या. "थट्टा करतस का, अक्का?"

"थट्टा नही." बेबाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. आजूबाजूच्या दोन दारांत बाया उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "तोताराम. तोताराम महाजनना शे तो आवाज."

आत चहाची बशी धरून बसलेल्या तोतारामच्या तोंडून आपसूक 'ओ' निघाली.