साडूला बांधलेला फेटा

मळीचा वास आला की आमच्या साखर कारखान्यातला सर्व्हर बंद पडला तो दिवस आठवतो. वजनकाटा थांबला आणि उसाच्या गाड्या सांगली रस्त्यापर्यंत तुंबल्या. सर्व्हरचा एकेक भाग तपासत जळालेलं कार्ड मी शोधलं. नवं कार्ड घेऊन पुण्याच्या कंपनीतून आला तो नेमका माझा साडू. त्याने ते बसवलं, डेटाबेस सुरू झाला आणि अध्यक्षांनी तिथंच त्याला फेटा बांधला. "आवं, बिघाड ह्यांनी शोधलाय," साडू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "व्हय पावनं, पन काटा हालला तुमी आल्यावरच न्हवं!" अध्यक्ष हसले. साडूने माझी बाजू घेतली, तेच मला जास्त झोंबलं. आजही त्याच्या घरी जेवायला गेलो की भिंतीवरच्या त्या फेट्यातल्या फोटोकडे पाठ होईल, अशीच जागा मी धरतो.