दुर्बिणीचा डावा कोपरा

आमच्या ऑफिसात तिला पाठीमागे सगळे ‘दुर्बीण’ म्हणत आणि तोंडावर मावशी. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि पाठीमागचंच जास्त आवडायचं.

मावशीनं उमेदीची वर्षं औषधाच्या कारखान्यात काढली. पट्ट्यावरून गोळ्या सरकत यायच्या, त्यातली टवका उडालेली गोळी हिनं चटकन उचलायची. मग एक दिवस पट्ट्यावर कॅमेरा बसला आणि बायका घरी बसल्या. मावशी घरी बसणाऱ्यांतली नव्हती. कॅमेऱ्यालाही काय बघायचं ते कुणीतरी शिकवावं लागतं, असं कळल्यावर ती थेट आमच्याकडे आली. “ज्यानं माझ्या पोटावर पाय दिला त्याला शिकवायला आलेय. निदान नीट तरी शिकेल,” असं तिनं मुलाखतीतच सांगून टाकलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पडद्यावर फोटो येतो, त्यातल्या प्रत्येक वस्तूभोवती माउसनं चौकट आखायची आणि वस्तूचं नाव लिहायचं. चौकट सैल नको आणि वस्तूला कापणारीही नको. असे ढीगभर फोटो पाहून मशीन स्वतः ओळखायला शिकतं. मी तपासनीस. दुसऱ्यांच्या चौकटींत खोट काढायचा मला पगार मिळतो, आणि तो मिळाला नसता तरी मी ती काढलीच असती, असं घरचे म्हणतात. मावशीच्या कामात मात्र मला कधी काही सापडलं नाही. शेवटी ऑफिसनं तिचे फोटो न तपासताच पुढे पाठवायला सुरुवात केली.

तिची तक्रार एकच होती, टेबलाचा डावीकडचा ड्रॉवर. तो आपोआप पुढे यायचा. “हा मेला माझ्या वाईटावर आहे,” म्हणत ती गुडघा चोळायची. अलीकडे जरा जास्तच चोळायची. शिपायानं एकदा तो दुरुस्त करून दिला, पण काही दिवसांनी पुन्हा आपटल्याचा आवाज आलाच.

त्याच सुमारास आमच्याकडे गोदामाचं काम आलं. ट्रक मागे घेताना पाठीमागे माणूस, खोकं किंवा हातगाडी असली तर ड्रायव्हरला सावध करणारा कॅमेरा हवा होता. सगळे फोटो मावशीनं एकटीनं आखले. चाचणीच्या दिवशी मशीननं सगळं ओळखलं, फक्त खाली डाव्या कोपऱ्यातली हातगाडी सोडून. दुसऱ्या फोटोत त्याच कोपऱ्यात माणूस उभा होता, तरी मशीन ढिम्म. आमच्या इंजिनिअर मुलीनं काच पुसली, कॅमेरा बदलला, पण काही फरक नाही.

मला चैन पडेना. तिला म्हटलं, हा फोटो आरशात दिसतो तसा उलटा करून मशीनला दाखव बघू. हातगाडी उजवीकडे गेली आणि मशीननं झटकन ओळखली. म्हणजे त्याचं हातगाडीशी काही वाकडं नव्हतं, कोपऱ्याशी होतं.

मशीन शिकवणाऱ्याचंच गिरवतं, म्हणून आम्ही मावशीचे फोटो उघडले. जुने चोख होते. गोदामाच्या फोटोंत मात्र खाली डावीकडे वस्तू होत्या आणि चौकटी नव्हत्या. एकाही फोटोत नव्हत्या.

“घाईत कोपरे सोडलेत,” मॅनेजर म्हणाले. “इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. मावशी, तुम्हाला या कामावर ठेवता येणार नाही.”

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. “काम चुकवलं असेल तर आत्ता उठून जाते. पण आधी मला तो कोपरा दाखवा.”

मी एक फोटो लावला. “मावशी, मधल्या खांबाकडे बघा. नजर हलवू नका. खाली डावीकडे काय आहे?”

“फरशी.”

“आणि?”

“फरशीच आहे अगं. रिकामी.”

तिथे एक हमाल उकिडवा बसून दोरी सोडवत होता.

“आता मान वळवून बघा.”

तिनं वळवली. मग हळूच म्हणाली, “हा कुठून आला?”

माझ्या अंगावर काटा आला. तरी खोड जात नाही, मी विचारलंच, “तिथे काळं दिसतं का हो? की धुकं?”

“काही नाही गं. फरशी दिसते. स्वच्छ.”

पुन्हा खांबावर नजर ठेवून तिनं एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही वेळा तेच. जे दिसत नव्हतं तिथे तिचा मेंदू आजूबाजूची फरशी पसरून मोकळा होत होता आणि तिला पत्ताही लागू देत नव्हता. तिनं गुडघ्यावर हात ठेवला. मग आम्ही दोघींनी ड्रॉवरकडे पाहिलं.

“आजच्या आज डॉक्टरकडे जा,” मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

डोळे ठणठणीत निघाले. मेंदूत, नजरेच्या वाटेवर, एक साधी गाठ हळूहळू वाढत होती. तशीच राहिली असती तर डावीकडचं दिसणं अख्खं गेलं असतं. तिच्या नवऱ्यानं विचारलं, एवढं लवकर कळलं कसं? “शिष्यानं चहाडी केली,” मावशी म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं मला फोन केला. “ते फोटो दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. घोळ माझा आहे, मीच निस्तरीन.” मी हो म्हटलं. मॅनेजरांनी गिऱ्हाइकाला कसंबसं थोपवून धरलं.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की कोपरा परत येईल किंवा येणारही नाही. ऑपरेशननंतर मावशी फोनवर इकडचं तिकडचं सगळं बोलली, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारायची कुणाची छाती झाली नाही, माझीही नाही. ती कामावर येणार त्या सकाळी मी लवकर गेले, तो ड्रॉवर मुद्दाम पुढे ओढून ठेवला आणि खुर्चीशी उभी राहिले. अडखळली तर धरता आली असती.

डोक्याला रुमाल बांधून, एकेकाची चौकशी करत ती आली. माझ्याकडे बघतच टेबलापाशी पोहोचली. माझा जीव टांगणीला लागला होता. तिनं मान वळवली नाही, नजरही खाली नेली नाही. नुसता गुडघा पुढे केला आणि ड्रॉवर ढकलून बंद केला.

“झालं तपासून?” तिनं विचारलं.

मला रडू आवरेना. मी नुसती मान हलवली.

“मग ते गोदामाचे फोटो उघड,” ती खुर्ची ओढत म्हणाली. “कोपरे राहिलेत.”