संदर्भांच्या यादीतलं नाव

कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात एक ज्येष्ठ प्राध्यापक माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. उंदराच्या लहान मेंदूवर आम्ही दोघंही काम करायचो, पण 'आपल्या लेखाची प्रत पाठवावी' अशी परदेशातली कार्डं यायची ती फक्त त्यांना. त्यांवर ते खुशाल चहाची बशी ठेवत. ते तासाला गेले की मी त्या कार्डांवरचे शिक्के वाचत बसायचो.

ग्रंथालयात नवं नियतकालिक आलं की ते प्रत्येक लेखाचं शेवटचं पान आधी उघडत. संदर्भांच्या यादीवरून बोट फिरवत मोठ्यानं म्हणत, "हाय की! हितंबी हाय आपलं नाव." माझं नाव कुठल्याच यादीत नसे.

मग माझा एक लेख छापून आला. त्यांच्या कामाशिवाय तो उभाच राहिला नसता, तरी मी यादीतून त्यांचं नाव गाळलं होतं. तो अंक ग्रंथालयात आला तेव्हा त्यांचं बोट माझ्या यादीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. माझे कान तापले.

"आमचं नाव न्हाई व्हय ह्यात?"

"राहून गेलं सर," मी म्हणालो.

"ऱ्हातंय की कधीमधी." त्यांनी माझा लेख तिथंच बसून पूर्ण वाचला. मग स्वतःच्या नव्या लेखाचे टाइप केलेले कागद काढले आणि यादीत पेनानं माझं नाव लिहिलं. "काम चांगलं केलंयसा. घालाय पायजे."

माझं नाव पहिल्यांदा यादीत आलं ते असं. तो अंक मी घरी कुणालाच दाखवला नाही.