एक तास म्हणजे किती

मी खोटारडी नाही. तापट आहे, हट्टी आहे, माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंही हाताची घडी घालून बसतात, हे सगळं मान्य. पण त्या उन्हाळ्यात फिजिओथेरपीवाल्या ताईंना मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. ते फक्त मराठी होतं.

झालं असं. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि चौथ्याच दिवशी कुलरमध्ये पाणी भरताना सांडलेल्या पाण्यावरून माझा पाय सरकला. पडले ती नेमकी उजव्या कोपरावर. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत तार बसली, आणि पुढचे अडीच आठवडे हात गळ्यात. गळ्यातून काढला तेव्हा तो धड सरळ होईना, धड वाकेना. घास तोंडापर्यंत जाईना. वेणी नवऱ्याकडून घालून घ्यावी लागली, आणि त्याला शेतात दोर वळायची सवय, त्यामुळे ती कशी झाली असेल ते विचारू नका.

व्यायाम शिकवायला मेहकरातच एक ताई आहेत. वयाने माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, लग्न होऊन पुण्याकडून इकडे आलेल्या. त्यांनी कोपराला कोनमापक लावला, आकडा लिहून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, कोपर फार लवकर आखडतं. आता पाच-सहा आठवडे हातात आहेत. तेवढ्यात उघडलं तर उघडलं, नाहीतर जसं आहे तसंच राहतं. दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं व्यायाम करायचा."

मी पहिलीचा वर्ग शिकवते. पहिलीच्या बाईला दुसरं काही नाही आलं तरी चालतं, पण फळ्यावर लिहिता आलं पाहिजे, आणि माझं अक्षर तर माझा जीव. आमच्या शाळांच्या केंद्रात कुठलीही बैठक असो, फलकलेखनाला बोलावणं मलाच. शाळा उघडल्यावर मी हात वर न जाणारी बाई म्हणून खुर्चीत बसून राहणार, हे मला सोसण्यासारखं नव्हतं.

असं असताना मी व्यायाम सोडून काय केलं? गाव वसवलं.

ऑपरेशनच्या वेळी लेक पुण्याहून आली होती. जाताना तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली. म्हणाली, "आई, तू नुसती पडून राहिलीस तर बाबांचं डोकं खाशील. हा गेम खेळ. डाव्या हाताने माऊस फिरवला की झालं." गेममध्ये एक ओसाड माळ असतो आणि आठ-दहा माणसं तुमच्या भरवशावर आलेली. त्यांना घरं बांधून द्यायची, विहीर खणायची, शेतं आखायची, हिवाळ्याच्या आत जळणाची सोय लावायची. नाही लावली तर माणसं गारठून मरतात. बाहेर मेहकरच्या रस्त्यावर डांबराला चपला चिकटत होत्या आणि मी कुलरसमोर बसून माझ्या गावात बर्फ पडायच्या आधी लाकडं फोडून घेत होते.

पहिल्या दिवशी मी पाऊण तास बसले. निदान मला तसं वाटलं. उठले तेव्हा सकाळचा चहा कपात साय धरून बसला होता आणि नवरा वखराची पाळी आटोपून शेतातून घरी आला होता.

"काय म्हणतात तुह्या गावातले लोक?" त्याने हात-पाय धूत विचारलं.

"लाकडं सरत आली म्हणतात."

"मंग त्याहीले सांग, बाईचा हात मोडला, दोन रोज थंडीत काढा. अन् तू व्यायाम कर."

"करून राह्यली न मी. हे एवढं कोठार झालं की उठतेच."

कोठार झालं की धान्य ठेवायला माणूस लागतो. माणूस आला की त्याला घर लागतं. घराला लाकूड लागतं आणि लाकूड तोडणाऱ्याला पुन्हा जेवण लागतं. उठायची जागा त्या खेळात नाहीच. एक काम संपतं तिथे दुसरी तीन आधीच सुरू झालेली असतात. तिथे थांबवायचं बटण होतं हे खरं, आणि त्याच बटणाने माझा घात केला. ते दाबलं की बर्फ हवेत थांबायचा, माणसं पाय उचललेल्या अवस्थेत उभी राहायची, आणि मला वाटायचं की सगळंच थांबलं. कोपर काही थांबत नव्हतं. ते आपलं आखडत होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर कुणी आठवण करून दिली की मी खेकसायची.

दहा-बारा दिवसांनी ताईंनी पुन्हा कोनमापक लावला. आकडा जवळजवळ तिथेच. त्यांनी दोनदा मोजलं.

"घरी किती व्यायाम होतो, मॅडम?"

"चार तास होतात रोजचे," मी म्हटलं.

आता माझी बाजू ऐका. शाळेत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला तास म्हणजे घड्याळाचा तास नसतो. गणिताचा तास, भाषेचा तास, खेळाचा तास. शनिवारी सकाळच्या शाळेत तास आणखी आखूड होतो, तरी त्याला तासच म्हणतात. माझ्या डोक्यात व्यायामाचा एक तास म्हणजे एकदा बसून केलेला व्यायाम, दहा मिनिटांचा. असे चार. आकडा तेवढा मी फुगवला होता, कारण बहुतेक दिवशी ते दोनच व्हायचे. पण तास या शब्दात माझ्या मते काही लबाडी नव्हती.

ताईंचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोज चार तास करूनही हात उघडत नसेल तर मला काळजी वाटते. आत काहीतरी अडत असेल. एक्स-रे काढून आणा, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवू. कदाचित पुन्हा भूल देऊन सांधा मोकळा करावा लागेल." आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

मी ती चिठ्ठी घेऊन घरी आले आणि लॅपटॉपला हात न लावता पलंगावर बसून राहिले. पुन्हा भूल, पुन्हा दवाखाना, आणि तेवढ्यात शाळा उघडणार. नवरा ओसरीत सोयाबीनचं बियाणं तपासत होता. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेने मांडायचे, गुंडाळायचं, आणि किती उगवतात ते चार-पाच दिवसांनी मोजायचं. मी त्याला सगळं सांगितलं. तो दाणे मांडायचा थांबला.

"चार तास? कवा केले बे तू चार तास?"

मला तो चिडला की 'बे' म्हणतो, एरवी नाही.

"तास म्हणजे पिरेड वो. दहा मिनिटाचा."

"अन् त्या ताईले काय समजलं?"

मी चिठ्ठीची घडी घातली. मग त्याला हसू फुटलं, आणि मला इतका राग आला की उजवा हात धड असता तर मी ते गोणपाट उधळलं असतं. हसून झाल्यावर तो म्हणाला, "आत काही अडकेल नाही, तू अडकेल हायेस. उद्या चाल, खरं सांगून टाकू."

खरं सांगायचं म्हणजे गेमचंही सांगणं आलं. पन्नाशीला आलेली बाई, पोरांच्या आयांना मोबाइलवरून दटावणारी, आणि स्वतः माऊस धरून बसलेली. रात्रभर मला त्याचीच लाज वाटत होती, ऑपरेशनची भीती परवडली असं वाटायला लागलं. तरी सकाळी गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं, दोनाचे चार केल्याचंसुद्धा. ताई हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी फार नीट आवरला. म्हणाल्या, "मी तुम्हाला विनाकारण ऑपरेशनला पाठवलं असतं, मॅडम. पंधरा दिवस देते. घड्याळाने करा. त्यात फरक पडला तर ही चिठ्ठी फाडू, नाहीतर एक्स-रे काढायचाच."

त्या दिवसापासून मी मोबाइलला गजर लावला. गजर झाला की उठायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी तीन गजर झाले आणि तिन्ही मी डाव्या हाताने बंद केले, गावात नदीवर पूल बांधणं चाललं होतं म्हणून. संध्याकाळी मला स्वतःची भीती वाटली. मी नवऱ्याला म्हटलं, हा लॅपटॉप कपाटात घाला आणि किल्ली शेतात नेऊन पुरा.

"कपाटात घालून काय होते? तू कपाटापाशी बसशीन," तो म्हणाला. "तुह्या तासाले धुरा नाही, तिथं घोटाळा होऊन राह्यला."

हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला माझी लाजच वाटली. माझं माहेर बीबी गावचं. सुट्टीत मी आईसोबत निंदायला, म्हणजे पिकातलं तण काढायला, जायची. आमच्याकडे पिकाच्या ओळीलाही तासच म्हणतात. एका बाईने एक तास धरायचा, या बांधापासून त्या बांधापर्यंत, म्हणजे आमच्या बोलीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. धुऱ्याला पोचलं की कंबर सरळ करायची, पाणी प्यायचं, दोन शब्द बोलायचे, मग नवा तास. मधेच कुणी उठत नाही, कारण किती निंदलं ते कळत नाही. आणि धुऱ्यावर न थांबता कुणी पुढच्या तासात विळाही टेकवत नाही, कारण एकदा टेकवला की उठवत नाही. लहान असताना मी हे कुणी न सांगता शिकले होते.

गजर माझ्या तासाच्या मधोमध व्हायचा, म्हणून मी त्याला जुमानत नव्हते. मग मी गजर काढून टाकला आणि पाठांची टाचणं काढायच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली. बसायच्या आधी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहायचं: आज या तासात फक्त विहीर आणि दोन घरं. किंवा, फक्त जळण. दोन घरं झाली की तिसऱ्याचा पाया आखायचा नाही. खेळ जतन करायचा, पुढे काय करायचं ते वहीत लिहायचं, झाकण लावायचं. लिहून ठेवल्याने फार फरक पडला. नाहीतर व्यायाम करतानाही माझ्या डोक्यात पूलच चालायचा.

आणखी एक गोष्ट मला शिक्षिका असूनही उशिरा सुचली. खेळाचा तास शाळेत शेवटी ठेवतात. आधी ठेवला तर पोरं पुढे गणिताला बसत नाहीत. मी आधी खेळत होते आणि मग व्यायामाला बसू बघत होते. ते उलटं केलं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून कोपर, टेबलाच्या कडेवरून हात खाली सोडून, पाण्याची बाटली धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते झालं की मगच विहीर. दुखायचं फार. पण विहीर समोर दिसत असली की माणूस थोडं जास्त सोसतो.

रोज जमलंच असं नाही. सहाव्या दिवशी माझ्या गावात साथ आली, आणि माणसं मरत असताना वहीतली ओळ पाळणं माझ्याच्याने झालं नाही. सलग तीन तास बसले, घड्याळाचे. मग स्वतःला भरपूर शिव्या दिल्या, वहीत ते जसं झालं तसं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एका विहिरीवर आले. नवरा येता-जाता विचारायचा, "धुरा आला का वं?" मी म्हणायची, येऊन राह्यला. कधी खरं, कधी जरा आधीच.

पंधरा दिवसांनी ताईंनी कोनमापक लावला, आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती व्यायाम झाला?" मी म्हटलं, "दिवसाला दीड तास. घड्याळाचा." तेव्हा मात्र त्या हसल्या आणि चिठ्ठी फाडून टाकली. हात पूर्ण सरळ झाला नव्हता. होईलच असंही त्या म्हणाल्या नाहीत. पण उघडत होता.

शाळा उघडली. नवी पहिली वर्गात येऊन बसली, काही रडत, काही नुसतीच बघत. मी खडू घेतला. हात फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत गेला नाही, पण मधल्या भागापर्यंत गेला. कोपर कळ मारत होतं. मी मोठ्या अक्षरात 'नळ' लिहिला आणि मागे सरून पाहिलं तर मलाच बघवेना. न तिरपा. ळ ची दुसरी गाठ लोंबून खाली आलेली. असलं अक्षर मी कुणा नव्या शिक्षकाचंही खपवून घेतलं नसतं.

मी वळून वर्गात फिरले. पोरं खाली मान घालून पाट्यांवर लिहीत होती, जीभ बाहेर काढून. तिरपा न. लोंबलेला ळ. ज्यांना जमलं त्यांनी अगदी हुबेहूब काढला होता, गाठीच्या लोंबण्यासकट. माझं आधीचं अक्षर त्यांच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी बाईंचं अक्षर हेच होतं. मला एकदम भरून आलं, आणि पोरांना दिसू नये म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

परत आले तेव्हा म्हटलं, "पुसा रे सगळे. मलेही अजून नीट येत नाही. आपण पुन्हा काढू."

सगळ्यांनी पुसलं. पुढच्या बाकावरच्या एका पोरीने पाटी छातीशी धरून ठेवली.

"बाई, मले हाच आवडते," ती म्हणाली.

राहू दे म्हटलं.