भुपेंद्रच्या गाडीतले धुरे

मोहाडीत धनीरामचं वेल्डिंगचं दुकान, अन् गावाकडे धानाच्या बांध्या, मातीच्या धुऱ्यांनी पाणी अडवलेली शेतं. नांगराच्या फाळापासून ट्रॉलीच्या साखळीपर्यंत सगळं तो जोडून द्यायचा. त्याच्या पोराला, भुपेंद्रला, वेड होतं शर्यतीच्या गाडीचं. जुन्या गाडीचं इंजिन त्यानं स्वतः उघडून, घासूनपुसून, बेरिंगसकट बसवलं होतं. गाडीचा आवाज नाक्यावरूनच यायचा. तो आवाज आला की त्याची आई रुखमिणी आधणात तांदूळ टाकायची. पोरगा हातपाय धुऊन बसेतो ताटात वाफाळता भात.

माघात तापाचं निमित्त झालं अन् भुपेंद्र गेला. गाडी शेडमध्ये मुकी उभी राहिली.

उन्हाळ्यात त्याचा मित्र योगेंद्र आला. "काका, भुप्याच्या नावानं एकडाव तलावात फिरवू द्या ना." तलाव आटला की त्याच्या सपाट पोटात पोरं गाड्या पळवत.

धनीराम हो म्हणाला, पण त्याला पोराचं बोलणं आठवलं. "बाबा, लंब्या वळणावर इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल एका अंगाले पळते. पंपाची जाळी उघडी पडते अन् तेलाच्या जागी हवा ओढते. बिना तेलाचं बेरिंग किती टिकन? आत आडव्या पट्ट्या लावा लागते."

"म्हणजे धुरेच ना बे!"

"हो, तुमच्या बांधीवानी."

दोघं हसले होते. काम तेवढं राहून गेलं होतं.

ते आता बापानं केलं. इंजिनाखालचा चेंबर उतरवला, जाळीभोवती पत्र्याचे धुरे उभे केले, पाणी भरून पाहिलं. थेंब पाझरला नाही. जन्मभर धुऱ्यांची भोकं बुजवलेला माणूस तो. त्याला वाटलं, झालं काम फत्ते.

योगेंद्रनं गाडी काढली. पहिली फेरी झाली. आवाज तोच, भरल्या छातीचा. तलावाच्या काठाला पाळीवर उभ्या धनीरामचे डोळे वाहू लागले. मग दुसऱ्या फेरीचं मोठं वळण आलं. तेलाचा लाल दिवा उन्हात योगेंद्रला दिसलाच नाही. आत खडखड झाली, कडाडकन काहीतरी तुटलं, अन् सगळं गप्प.

झाडाखाली चेंबर उतरवला तर धुऱ्यांबाहेरच्या घरांत तेल काठोकाठ, जाळीचं घर कोरडं. धनीरामच्या आता ध्यानात आलं. बांधीत पाणी अडवायचं असतं. इथे तेल आत येऊ द्यायचं होतं, फक्त बाहेर पळू द्यायचं नव्हतं. आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा हव्या होत्या.

"धुऱ्याले तोंडच नाही ठेवलं मी, योगेंद्र."

"काका, नागपुरात दुसरं इंजिन भेटते. मी आणतो."

"भेटन ना." धनीराम काळं पडलेलं बेरिंग बोटांत फिरवत राहिला. "हे त्यानं बसवलं होतं."

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आली. रुखमिणी दारातच होती.

"अजी, फिरली का?"

"फिरली."

"मंग मले आवाज काहून नाही आला? कवाची कान देऊन राहिली मी."

धनीराम गाडीचा दोर सोडू लागला. आत चुलीवर आधणाचं पाणी आटून तळाला गेलं होतं. निवडलेले तांदूळ सुपातच होते.