देव टेंपोतून आले

सोमवारी सकाळी आमच्या भवानी पेठेत बातमी फुटली, की दाक्षायणीनं नवऱ्याला घराबाहेर काढलं. विरेश काखेत घोंगडं मारून टेंपोत चढताना तिघांनी पाहिला होता. त्यातला एक मी. उरलेल्या दोघांना मीच बोलावून दाखवला.

दुपारी खरं कळलं आणि ते खोट्याहून खमंग निघालं. विरेश गेला होता अक्कलकोटपलीकडच्या त्याच्या गावी, आईला आणि घरच्या देवांना आणायला!

अकरा वर्षांपूर्वी त्याला चिंचोळी एमआयडीसीत काम लागलं, तेव्हा दोघं ‘दोन वर्षं काढू आणि परतू’ म्हणून आलेली. दाक्षायणीनं घरबसल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापायला घेतल्या. आज तिच्या हाताखाली सहा बायका आहेत, भाकऱ्या पुण्यापर्यंत जातात. तरी घर म्हणजे गावचंच, कारण देव तिथं. दर सणाला, दर अमावास्येला काम बंद ठेवून ही एसटीत. आता सासूबाईंचे, बसव्वांचे, गुडघे गेले. त्यांचा निरोप आला, की पूजा सुनेची, तिनं कायमचं गावी यावं. हिनं उलटा निरोप धाडला, की देवांसकट तुम्हीच या.

चारच्या सुमाराला टेंपो आला. अख्खी गल्ली बाहेर, मी सामान उतरवायच्या निमित्तानं सगळ्यांच्या पुढे. बसव्वा पुढच्या सीटवर, मांडीवर तांबड्या फडक्यात देव. आत येऊन बसल्या, पण गाठोडं काही खाली ठेवीनात. भाड्याच्या घरात देव बसत नसतात म्हणे, उद्याच सुनेला घेऊन परत जायचं.

दाक्षायणीनं पुन्हा परातीत हात घातला. ऑर्डर होती, हात थांबवून चालणार नव्हतं. बायका एकामागून एक विचारायला येत होत्या, अक्का, ही जमली का, अक्का, तीळ पुरतील का. म्हातारी बघत राहिली. गावात जी आमटीत मीठसुद्धा सासूला विचारून घालायची, तिला इथं सहाजणी विचारत होत्या.

बसव्वांनी एक भाकरी उजेडाकडं धरली.

“कड जाड ऱ्हायलीय गं हिची,” त्या म्हणाल्या. मग गाठोड्याची गाठ सोडत, “देवाला आंघोळीला पाणी काढ.”

मी तर नाचायचाच बाकी होतो! पण चिमटा काढल्याशिवाय मला अन्न पचत नाही. म्हटलं, दाक्षायणी, देव इकडं आले, आता तुझं गाव सुटलं की गं.

ती पिठाचे हात झटकत म्हणाली, “गाव सुटत असतंय व्हय, अण्णा? चार दिस पाव्हणी म्हणून जाईन. कुणीतरी वाढंल, मी बसून जेवीन.”