गाडीतली दुसरी बॅटरी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिकडं बदली झाली. मी फिरत्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. जिल्हा कागदावर होतो, खोल्या होत नाहीत. जो तो खोली शोधत होता. मला जरा जास्तच घाई होती, कारण बायको आणि दीड महिन्याची मुलगी हदगावला माहेरी अडकल्या होत्या. दहा-अकरा घरं पाहिली. खोली दाखवेपर्यंत घरमालक गोड बोलायचा. आडनाव सांगितलं की त्याच्या मेहुण्याला तीच खोली एकदम लागायची. लातुरात इतके मेहुणे असतील असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी मी गाडीतच राहू लागलो. पेशंट तपासायच्या बाकावर अंथरूण, बाकाखाली स्टोव्ह आणि पिशवी. बॅटरीपासून गुपचूप एक वायर ओढून दिवा आणि छोटा पंखा लावला. साहेबांना कळलं असतं तर नोकरीवरच बेतलं असतं.

त्या साली पावसानं दगा दिला होता. लोक विहिरीचा तळ खरवडून पाणी पीत होते आणि गावोगाव हगवणीची साथ होती. आमचा पंधरा दिवसांचा दौरा लागला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. चौघांनी ढकलली तेव्हा कुठं इंजिनानं धरलं. साहेब वैतागले. म्हणाले, "चार्जिंग तपासून घ्या. मी स्वतः बघायला येतो."

मोठ्या रस्त्यावर एक मिस्त्री होता. कंधारकडचा, शेती भावांवर सोडून इकडं दुकान टाकलेला, पन्नाशीचा माणूस. बॅटरी कशानं उतरते ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मी गाडीत राहतो हे तोंडातून निघेना. त्या बिचाऱ्याला मी उगाच तासभर राबवलं. त्यानं पट्टा दाबून पाहिला, थोडा ढिला होता, तो ताणला. बॅटरीची टोपणं उघडून काचेच्या नळीनं अॅसिड तपासलं. आत डिस्टिल वॉटर घातलं. माणसांना गढूळ पाणी आणि बॅटरीला एवढं स्वच्छ, हे बघून मला उगीचच राग आला. मग इंजिन चालू करून त्यानं डायनामोला बल्ब लावला. लख्ख पेटला.

"डायनामो झकास चार्ज देऊन राहिला," तो म्हणाला. "कटआउट बी चार्ज पुढं नीट सोडतो. मग ह्यो चार्ज जातो कुठं?"

मी आभाळाकडं बघत उभा राहिलो. तिथं एक ढगही नव्हता.

त्याला ती जादा वायर दिसली. बोटानं तिचा माग काढत तो गाडीत शिरला, बाकापाशी पोचला आणि खाली वाकला. स्टोव्ह, पिशवी, वर ठेवलेलं मुलीसाठी घेतलेलं झबलं.

"डायव्हरसाहेब, हितं राहता?"

"हाव."

मग मी बायकोचं, मुलीचं सगळं सांगितलं. तो बाकावर बसला. "माझ्या दुकानाच्या मागच्या अंगाला खोली हाय. माय गेल्यापासून कुलूप हाय तिला. किल्ली माझ्याकडंच असती. लेकराला घेऊन या. पाण्याची तकलीफ हाय, पण घागरभर आमच्यातलं देऊ."

पाळणा कोणत्या आढ्याला टांगायचा इथवर मी मनानं पोचलो होतो. त्यानं चहा मागवला.

"गाव कोणतं तुमचं?"

"बिलोलीकडचं."

"गावात घर कोण्या अंगाला?"

आडनाव थेट विचारायचं नसलं की हा प्रश्न येतो. खोटं बोलता आलं असतं. पण बायको तिथं रोज काय काय लपवत बसली असती? "वेशीबाहेर," मी म्हणालो. "बौद्धवाड्यात."

"असं," तो म्हणाला. चहा संपवला, कप खाली ठेवला. "घरात इचारावं लागंल."

मग तो उठला आणि त्यानं जे काम केलं तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. दुकानातली एक जुनी पण चांगली बॅटरी आणली, बाकाखाली लाकडी चौकट करून बसवली, माझी वायर तिला जोडली. गाडी चालू असताना दोन्ही बॅटऱ्या भरतील आणि बंद झाल्यावर पंखा फक्त या दुसरीवर चालेल, असा स्विच दडवून लावला. साहेब आले तेव्हा मागच्या दारात आडवा उभा राहून म्हणाला, "पट्टा ढिला व्हता साहेब. दुसरं काई न्हाई."

दौऱ्यात गाडी एकदाही अडली नाही. परत आल्यावर मी बॅटरी काढून त्याच्या दुकानात नेली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग मागच्या बंद खोलीकडं.

"राहू द्या, डायव्हरसाहेब. तुम्हाला लागंल."

हे तो इतक्या मायेनं म्हणाला की मला त्याच्यावर चिडताही आलं नाही. त्याचा राग मला खरा आला तो पुढं, बऱ्याच महिन्यांनी. मुलगी लातूरला राहायला आली तेव्हा ती पळायला लागली होती. तिचं रांगणं मी पाहिलेलं नाही.